पाणी कमानींच्या अलीकडे थांबलं

“सुले, मागे वळून काय बघतेस? दाताळं चालव. पाणी काही तुला खायला उठलेलं नाही,” नाना पुढून ओरडले.

पण मला मागेच बघायचं होतं. आम्ही कोरड्या पाटाच्या तळातून चालत होतो आणि आमच्या मागून, हाकेच्या अंतरावर, पाणी येत होतं. ओट्यावर सांडलेलं दूध जसं कुठे जावं याचा विचार करत पसरतं, तसं. पुढे तपकिरी फेस, फेसावर बाभळीची पानं, काटक्या, कुणाची तरी फाटकी चप्पल. कित्येक वर्षांनी त्या पाटात पाणी आलं होतं. मी तेव्हा तिशी ओलांडलेली, मेडिकलचं दुकान चालवणारी बाई होते, तरी मला पोरीसारखं हसू येत होतं.

पाटाला पहिलं पाणी सोडलं की ते सगळा केर ढकलत पुढे आणतं. अरुंद जागी तो तुंबला की पाणी काठावरून फुटतं. म्हणून पाण्याच्या पुढे माणसांनी चालायचं आणि केर ओढून काठावर टाकायचा, ही जुनी रीत. पूर्वी पाटाचे नोकर हे काम करत. मग पाट बंद पडला, नोकर गेले, आणि रीत सांगणारं कुणी उरलं नाही. नानांनी ती कुठून तरी विचारून आणली आणि त्या दिवशी आम्हा सगळ्यांच्या हातात दाताळी दिली.

नाना म्हणजे माझे वडील, दिगंबर कुलथे. गावात कुलथे सर. हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं आयुष्यात एकाच गोष्टीवर प्रेम होतं, असं माझी आई शेवटपर्यंत म्हणायची, आणि ती गोष्ट म्हणजे आई नव्हे. ती गोष्ट म्हणजे कमानी. आमच्या गावाच्या पुढे एक खोल ओढा आहे. त्यावरून पाट पलीकडे नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात चुन्यात बांधलेला दगडी पूल होता. खालून ओढा, वरून पाट. लोक त्याला नुसतं ‘कमानी’ म्हणत. नानांनी त्या कमानींची चित्रं इतकी काढली होती की एक पत्र्याची पेटी भरली होती. “माझं एक चित्र काढलं नाही मेल्या माणसानं,” आई म्हणायची. नाना म्हणायचे, “तू एका जागी बसशील तर ना.”

निवृत्त झाल्यावर त्यांनी पाट साफ करायचं मनावर घेतलं. आधी एकटेच जायचे, मग मी जाऊ लागले, मग पोपट शिंपी आणि फळांच्या गाडीवाले रफीक बागवान आले, आणि बघता बघता दर रविवारी वीसेक माणसं जमू लागली. वेड्या बाभळी तोडायच्या, काठावरची वाट मोकळी करायची. त्या वाटेवरून म्हणे साहेब लोक घोड्यावर बसून पाट तपासत जायचे. आम्ही पायी जायचो. काम झालं की कमानींच्या सावलीत बसून रफीकभाईंचे पेरू तिखट-मीठ लावून खायचे, पोपटराव जुनी लावणी म्हणायचे आणि नाना “आता पुरे” म्हणत पायाने ताल धरायचे. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले रविवार होते, हे मला तेव्हाही कळत होतं.

पण नुसत्या साफसफाईने पाट वाचणार नव्हता. पाटाच्या जागी बंद पाइप टाकायचा सरकारी बेत पक्का होत आला होता. नाना इतके मागे लागले की शेवटी पाटबंधाऱ्याचे साहेब वैतागून म्हणाले, “ठीक आहे सर, एकदा पाणी सोडून बघू. टेलच्या गावापर्यंत पाणी पोचलं तर पाट ठेवू. नाही पोचलं तर तुम्ही पुन्हा माझ्या ऑफिसात यायचं नाही.” टेल म्हणजे पाटाचं शेवटचं टोक. तिथे दिघेवस्ती. तिथल्या लोकांनी पाणी बघून जमाना झाला होता.

आणि म्हणून आम्ही त्या दिवशी पाण्याच्या पुढे चालत होतो. दिघेवस्तीच्या बायका हळदी-कुंकू आणि नारळ घेऊन टेलला उभ्या होत्या. साहेबही तिथेच जीप लावून बसले होते.

वडाच्या वळणापर्यंत पाणी छान आलं. तिथून पुढे पाटाचा तळ एकदम बदलायचा. अलीकडे आम्ही फक्त झाडोरा काढला होता, खालचा काळा गाळ तसाच होता. वळणापासून कमानींपर्यंत मात्र नानांनी आदल्या हिवाळ्यात आमच्याकडून तो काळा चिकट थर पार खरवडून काढून घेतला होता. खाली लाल मुरूम लागेपर्यंत. “ही इतक्या वर्षांची घाण आहे. बांधणाऱ्यांनी जसा बांधला तसा दिसला पाहिजे,” असं त्यांचं म्हणणं. शेतकऱ्यांनी तो गाळ ट्रॉल्या भरभरून आनंदाने नेला. पोपटरावांची कंबर धरली तेव्हा ते म्हणाले होते, “सर, पाट साफ करायचाय का बोहल्यावर उभा करायचाय?” पण तो तांबडालाल तळ बघून आम्हालाही अभिमान वाटायचा. त्या दिवशी उन्हात तो खरोखर नव्या नवरीसारखा दिसत होता.

त्या लाल तळावरून आम्ही बराच वेळ चाललो. मग रफीकभाई थांबले.

“सर, पाणी मागं राह्यलं.”

आम्ही वळून बघितलं. हाकेच्या अंतरावरचं पाणी आता दिसतच नव्हतं.

“दमानं येतंय,” नाना म्हणाले. “कोरडी जमीन आहे. आधी तीच पिणार.”

आम्ही काठावर बसलो. थोड्या वेळाने पाणी आलं, पण ते मघाचं पाणी नव्हतं. फेस गेला होता, केर गेला होता. पायाचा घोटा बुडेल एवढं, मग बोटं बुडतील एवढं. कमानी समोर दिसत होत्या, आणि त्यांच्या अलीकडे, दगड मारला तर लागेल एवढ्या अंतरावर, पाणी थांबलं. पुढे सरकेना. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत उभे होतो, घरात एखादं माणूस शेवटचे श्वास मोजत असावं आणि कुणी बोलू नये तसे.

“वर कुणीतरी दार पाडून पाणी अडवलं असंल,” पोपटराव म्हणाले. “मी जाऊन बघतो.” ते आणि रफीकभाई मागे पळाले. बाकीचे त्यांच्यामागे गेले.

नाना पाटात उतरले. मीही उतरले. ते गुडघ्यावर बसले आणि त्या उथळ पाण्यात हात घालून तळ चाचपू लागले. मुरुमातून बारीक बुडबुडे वर येत होते. नानांनी अंगठा दाबला, तो कांड्यापर्यंत आत गेला. काढला, तर त्या भोकात पाणी गुळगुळ करत शिरलं आणि दिसेनासं झालं. त्यांनी दुसरीकडे दाबला. तिथेही तेच.

 मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “सुले, आपण पाटाचं कातडं सोललं.”

“म्हणजे?”

“तो काळा गाळ घाण नव्हती. पाणी धरून ठेवणारा तोच होता. वळणाच्या अलीकडे बघ, तिथे राहिला, तर पाणी कसं धावत आलं. इथे मी तुमच्याकडून खरवडून घेतला, आणि सगळं पाणी खाली चाललंय.” त्यांनी हाताचा चिखल धोतराला पुसावा तसा सदऱ्याला पुसला. “मी. दुसऱ्या कुणी नाही.”

मला त्यांची फार दया आली. म्हटलं, “नाना, पुन्हा गाळ बसेल की.”

“बसेल ना! दोन-तीन आवर्तनं मिळाली, थोडं थोडं पाणी येत राहिलं, की तळ आपोआप बुजेल. पाट स्वतःच बरा होईल.” ते एकदम उभे राहिले. “फक्त वेळ मिळायला पाहिजे. हे कुणाला बोलू नकोस.”

तेवढ्यात काठाच्या खालून आरडाओरड ऐकू आली.

काठाला लागूनच खाली मच्छिंद्र गायकेचं रान होतं. त्या रानात पाणी साचलं होतं. हरभऱ्याच्या सऱ्या चमकत होत्या आणि त्याची विहीर, जी एरवी तळाला गेलेली असायची, ती काठोकाठ येत चालली होती. झिरपलेलं सगळं पाणी तिथे निघत होतं. आणि दिघेवस्तीची माणसं, टेलला वाट बघून बघून, दोन ट्रॅक्टरवर बसून पाटाच्या वाटेने वर आली होती. त्यांना आधी ते रान दिसलं.

मच्छिंद्रचं नाव आधीच खराब होतं. पाट चालू असताना, फार पूर्वी, त्याने एकदा रात्री पाटात पाइप टाकून पाणी ओढलं होतं आणि पकडला गेला होता. एकदाच. पण आमच्याकडे एकदा चोर म्हटलं की त्या माणसाच्या नातवालाही लोक तसंच ओळखतात. त्याचं रान भिजलेलं दिसलं, आणि कुणाला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

आम्ही काठ उतरून खाली पोचलो तेव्हा त्याला चारपाच जणांनी धरलं होतं. त्याची बायको यमुना मध्ये पडत होती आणि तिला बाजूला सारत होते.

“म्या काय केलं न्हाय वो! आईची आण!” मच्छिंद्र ओरडत होता. “पानी आपसूक वर आलं. म्या काय पाट फोडला न्हाय, बघा ना तुमी जाऊन!”

“आपसूक?” अंबादास दिघे पुढे आले. दिघेवस्तीत त्यांचा शब्द चालायचा, सगळे त्यांना आबा म्हणत. शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. “आमच्या बाया सकाळधरनं उन्हात हुभ्या हायेत, मच्छिंद्र. नारळ हातात घिऊन. आन् तुझ्या हिरीला पानी आपसूक येतं व्हय?”

“टाका त्याची मोटर हिरीत!” मागून कुणीतरी म्हणालं.

“मोटर कशाला, त्यालाच टाका!”

जीप आली. साहेब उतरले, रान बघितलं, विहीर बघितली, आणि थेट नानांकडे आले.

“सर, तुम्ही पाण्याबरोबर चालत आलात. मला स्पष्ट सांगा. चोरी झाली असेल तर मी पोलीस केस करतो आणि पुढच्या महिन्यात बंदोबस्तात पुन्हा पाणी सोडतो. पाटच गळका असेल तर विषय संपला, पाइप. काय झालंय?”

  मच्छिंद्रने नानांकडे बघितलं. त्याची मुलगी नानांच्या हाताखाली शिकली होती, चित्रकलेच्या परीक्षेला बसली होती. त्या नजरेत केवढा भरवसा होता. कुलथे सर आले, आता सुटलो, असा.

नानांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“आत्ताच काही सांगता येत नाही,” ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. मला वाटलं, ते शब्द शोधतायत. इतक्या वर्षांचं स्वप्न स्वतःच्या तोंडाने मोडायचं म्हणजे वेळ लागणारच. मी थांबले. पण जमाव थांबायला तयार नव्हता. ‘सांगता येत नाही’ याचा अर्थ त्यांनी त्यांना हवा तो घेतला. एकाने मच्छिंद्रच्या कानाखाली मारली. दुसऱ्याने खोऱ्याचा दांडा उचलला. यमुना किंचाळली आणि तिने तो दांडा दोन्ही हातांनी धरला, तर त्या माणसाने तिला ढकलून सरीत पाडलं. मच्छिंद्र तिच्याकडे झेपावला आणि दांडा त्याच्या खांद्यावर बसला. 

मी नानांचा दंड धरला. “नाना.”

ते कमानींकडे बघत होते.

“नाना, बोला ना!”

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. मला हो वाटलं. मला ते हो वाटून घ्यायचं होतं.

“थांबा!” मी ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. “आबा, त्याला सोडा! त्याने काही केलेलं नाही. पाट आम्ही बिघडवलाय.”

आबा माझ्याकडे वळले. “काय म्हनतीस, ताई?”

“आम्ही तळातला गाळ खरवडून काढला. पाणी धरणारा गाळच काढला. आता सगळं पाणी मुरुमातून झिरपून त्याच्या रानात येतंय. पाटात जाऊन अंगठा दाबून बघा, कुठेही दाबा.” आणि मग मी जे बोलले ते मी आधी ठरवलं नव्हतं. “नानांनीच हे ओळखलं. त्यांनीच मला सगळ्यांना सांग म्हणून सांगितलं. त्यांच्याच्याने बोलवत नाहीये, म्हणून मी बोलतेय.”

दांडा धरलेला हात खाली गेला. आबा हळूहळू नानांसमोर येऊन उभे राहिले.

“सर, खरं हाय का ह्ये?”

नाना म्हणाले, “हो.”

 आबांनी फेटा सारखा केला आणि दोन्ही हात जोडले. “सर, सवताच्या हातानं सवताचं काम मोडून खरं बोललात. असा मानूस आमी बघितला न्हाय.” साहेबांनीही नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते जीपकडे गेले. मच्छिंद्र खांदा धरून आला आणि नानांच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला. नाना ताठ उभे होते. मला अभिमानाने रडू येत होतं.

घरी आम्ही पाटाच्या वाटेनेच परत निघालो, दोघंच. पाटातलं पाणी मुरून गेलं होतं. नाना पुढे चालत होते. वडाच्या वळणाशी आल्यावर ते न वळता म्हणाले, “माझं नाव का घेतलंस?”

“म्हणजे काय? तुम्ही बोलणारच होतात. तुम्हाला जमत नव्हतं म्हणून...”

“मी बोलणार नव्हतो.”

मी थांबले.

“काहीतरीच काय, नाना. त्यांनी मारलं असतं त्याला.”

“मारलं असतं,” ते म्हणाले. “महिन्याभरात बरा झाला असता. केस झाली असती, ती पुढे सुटली असती. पाट गेला तो गेला.” आता ते वळले. त्यांचे डोळे कोरडे होते. “मी ठरवलं होतं, सुले. तो माझ्याकडे बघत होता तेव्हाच ठरवलं होतं.”

मला त्यांचा राग आला. इतका की दाताळं तिथेच टाकून मी पुढे निघून गेले. ज्या माणसाचा हात धरून मी चालायला शिकले, त्याने एका दगडी पुलासाठी माणूस तोलून बघितला होता आणि हलका ठरवला होता. आणि त्याची अब्रू मी, आपण होऊन, चकचकीत घासून लोकांच्या हातात दिली होती.

पुढच्या वर्षी पाइप आला. दिघेवस्तीला पाणी पोचलं, भरपूर पोचलं, आणि ते लोक सुखी झाले. कमानींचे दगड एकेक करून कुणाकुणाच्या जोत्यात गेले. नाना पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. रविवारी ते घरी बसून पेपर वाचायचे.

आणि गावाने त्यांना डोक्यावर घेतलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात, लग्नाच्या मांडवात, कुठेही कुणीतरी उठायचं आणि कुलथे सरांच्या खरेपणाची ती गोष्ट सांगायचं. नाना खाली मान घालून ऐकायचे. लोकांना तो विनय वाटायचा. आम्ही दोघं त्याविषयी घरात कधीच बोललो नाही. माझा राग केव्हा ओसरला ते मला सांगता येणार नाही. त्यांना ती गोष्ट ऐकताना बघून बघून ओसरला असावा.

मच्छिंद्र दर वर्षी हरभऱ्याचा हंगाम आला की डहाळ्यांची मोठी जुडी घेऊन यायचा, नानांच्या पायावर डोकं ठेवायचा आणि चहा घेऊन जायचा. मार लागलेल्या खांद्याचा त्याचा हात कधी पूर्ण वर झाला नाही. नाना जुडी घ्यायचे आणि भिंतीकडे बघायचे.

नाना गेले त्याच्या आदल्या वर्षीही तो आला. नाना पलंगावर बसले होते, फार खंगले होते. मच्छिंद्र वाकला तसे त्यांनी पाय झटकन वर ओढून घेतले.

“माझ्या नको,” ते म्हणाले. “मच्छिंद्र, ऐक. त्या दिवशी मी बोललो नाही. मी बोलणारही नव्हतो. तुला आणखी मारलं असतं तरी मी उभा राहून बघितलं असतं. बोलली ती ही. पाया पडायचंच असेल तर हिच्या पड.”

मी दारात उभी होते.  एवढ्या वर्षांनी ते बाहेर आलं होतं आणि मला भीती वाटण्याऐवजी मोकळं वाटलं.

मच्छिंद्र त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो माझ्याकडे वळून हसला.

“बघा ताई,” तो म्हणाला. “एवढं करून बी मोठेपना लेकीच्या पदरात टाकत्यात. कुठं मिळायचा असा मानूस!”

त्याने नानांचे आखडलेले पाय आपल्या हातांनी हळूच खाली ओढले आणि त्यांवर डोकं टेकवलं. नानांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा टाकायला आत गेले.